कल्चर रिपोर्टमधलं 'आर' आणि एका शास्त्रज्ञाच्या कोंबड्या

मुलुंडची_मेधा
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

तर झालं असं. भाचा शिकायला आमच्याकडे असतो, वय १९. गेल्या महिन्यात मित्रांबरोबर स्टेशनबाहेर शोरमा खाऊन आला आणि दुसऱ्याच दिवशी ताप, पोटात दुखतंय. आमच्या सासूबाईंकडे बिस्किटांचा तो निळा गोल पत्र्याचा डबा आहे, सगळ्यांच्या घरी त्यात सुईदोरा असतो, आमच्या घरी उरलेल्या गोळ्या. त्यातल्या दोन दिल्या. मग हा स्वतःच खाली मेडिकलमध्ये जाऊन "पोटासाठी काहीतरी द्या" म्हणून चार गोळ्या घेऊन आला. पाचव्या दिवशी ताप १०३. डॉक्टरांनी आधी आम्हाला झापलं, मग रक्त कल्चरला (त्यातले जंतू वाढवून बघायला) पाठवलं. निघाला टायफॉइड. रिपोर्टमध्ये औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येकापुढे आर (रेझिस्टंट, म्हणजे औषध चालत नाही) नाहीतर एस (सेन्सिटिव्ह, म्हणजे चालतं). सिप्रोफ्लॉक्सॅसिन आर. सेफ्ट्रायझोन एस, अझिथ्रोमायसिन एस. सेफ्ट्रायझोनची इंजेक्शनं घेतली, आता बराय, काल दोन वाट्या वरणभात खाल्ला.

त्या 'आर'ने डोक्यात घर केलं म्हणून वाचत बसले तर स्टुअर्ट लेव्ही नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाचं काम सापडलं. या माणसाने बोस्टनजवळच्या एका शेतावर ३०० कोंबड्या ठेवल्या. निम्म्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन नावाचं अँटिबायोटिक थोडंसं, निम्म्यांच्यात नाही. आठवड्याभरात औषधवाल्या कोंबड्यांच्या आतड्यातले बहुतेक जंतू टेट्रासायक्लिनला दाद देईनासे झाले. आणि पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या शौचातही तसले जंतू मिळायला लागले, शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त! त्या माणसांनी औषधाची गोळी घेतलेली नव्हती. हे १९७६ साली छापून आलंय, म्हणजे माझ्या जन्माच्या आधी.

तर प्रश्न दोन. एक, शोरम्यातल्या चिकनमुळे हा औषध न जुमानणारा टायफॉइड झाला असेल का? घरात चिकन बंद करावं का? (नवरा हा धागा वाचतोय, त्याचं उत्तर मला माहितीये.) आणि दोन, पोट बिघडलं की तुम्ही काय करता, थेट गोळी?

वडापाव_वीर
शोरमा खाल्ला की हे होणारच. वडापाव खा म्हणावं, उकळत्या तेलातून आलेला असतो, जंतू काय जंतूचा आजाही वाचत नाही.

ऋजुता_ठाणे
@वीर आणि चटणी? ती पण उकळत्या तेलातून काढतात का?

वडापाव_वीर
चटणीचा विषय काढायचा नाही. भावना दुखावतात.

गिरगावकर_अण्णा
आमच्या लहानपणी पोट बिघडलं की आई जायफळ उगाळून द्यायची, वर भाताची पेज आणि दिवसभर खेळायला बंदी. बंदीच्या भीतीनेच बरं वाटायचं. मला तर वाटतं वरचेवर गोळ्या घेऊन तुमच्या पिढीच्या शरीराला अँटिबायोटिकची सवय झालीये, म्हणून ती लागू पडत नाहीत.

लॅबमावशी
अण्णा, इथेच सगळ्यांची गल्लत होते. सवय शरीराला होत नाही हो. रेझिस्टन्स जंतूला येतो. म्हणजे ज्याने आयुष्यात एकही गोळी घेतली नाही, फक्त जायफळ चाटलं, त्यालासुद्धा रेझिस्टंट जंतू लागू शकतो, कारण जंतू कुठून तरी तयार होऊनच येतो.

परळच्या बाजूला एका लॅबमध्ये २२ वर्षं हेच करतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

मेधाताई, तुमचा शोरमा निर्दोष आहे. टायफॉइड अंगात भिनायला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. आज खाल्लं नि उद्या ताप हे टायफॉइडमध्ये बसतच नाही. भाच्याने दोन आठवड्यांपूर्वी कुठे काय खाल्लं-प्यायलं ते विचारा, त्याला आठवणार नाही ही गोष्ट वेगळी. दुसरं म्हणजे टायफॉइडचा साल्मोनेला टायफी हा फक्त माणसाचा जंतू. कोंबडीत तो राहत नाही. कोंबडी-अंड्यातून येतात ते साल्मोनेलाचे दुसरे भाऊबंद, त्यांनी जुलाब-उलट्या होतात, सहा तासांपासून तीनेक दिवसांत. टायफी येतो माणसाच्या मैल्यातून पाण्यात, पाण्यातून बर्फात, कोथिंबिरीवर, पाणीपुरीवाल्याच्या हातावर. काहीजण बरे झाल्यावरही पित्ताशयात जंतू बाळगून असतात आणि वर्षानुवर्षं वाटत फिरतात, स्वतः ठणठणीत.

आता 'आर' कसा ठरतो. वाढवलेले जंतू कापसाच्या बोळ्याने प्लेटवर सारवायचे, अंगण सारवतात तसं, कुठे जागा सुटता कामा नये. वर औषधात भिजवून सुकवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या, सहा मिलिमीटरच्या. रात्रभर ऊबेत. सकाळी झाकण उघडलं की एक कुबट वास येतो, आता मला तो जाणवतही नाही, मुलगी म्हणते तुझ्या ओढणीला येतो. औषध चालत असेल तर टिकलीभोवती स्वच्छ रिकामं वर्तुळ दिसतं, जंतू तिथे फिरकलेलेच नसतात. ते पट्टीने मोजायचं. नसेल चालत तर जंतू टिकलीला खेटून उगवलेले असतात, निवांत. टायफीमध्ये सिप्रोच्या टिकलीभोवती मोठं वर्तुळ शेवटचं कधी बघितलं ते मला आठवावं लागेल.

आणि तुमचं नशीब की आधी गोळ्या देऊनही कल्चरमध्ये जंतू उगवला. बऱ्याचदा अशा अर्धवट गोळ्यांनी जंतू मरतही नाही आणि प्लेटवर येतही नाही. मग डॉक्टर काय करणार, अंदाजाने औषध.

ऋजुता_ठाणे
लॅबमावशी __/\__ इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं. पण मग मेधाच्या लेव्हीचं काय? कोंबड्यांचा संबंधच नाही म्हणजे?

लॅबमावशी
संबंध आहे. दुपारी लिहिते, आत्ता पासष्ट सॅम्पल वाट बघतायत.

बोकोबा
शोरमा निर्दोष सुटला हे वाचून डोळे पाणावले. आज संध्याकाळी श्रद्धांजली म्हणून दोन.

मेधाचा_नवरा
आयडी खास या धाग्यासाठी काढलाय. लॅबमावशींचा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजवर लावण्यात आला आहे.

लालबागचा_मेडिकलवाला
मेडिकलवाल्यांचा उद्धार होणारच होता, म्हणून आधीच हजर होतो. भाच्याला गोळ्या मी दिलेल्या नाहीत, मुलुंड आपल्या हद्दीत येत नाही.

पण खरं सांगतो, रात्री साडेदहाला गिऱ्हाईक येतं, घामाघूम, सकाळी सातची लोकल पकडायचीये, डॉक्टरची फी नको आणि दोन तास बसणंही नको. मी नाही म्हटलं तर समोरच्या दुकानात जातो. सेफिक्झिमसारखी शेड्यूल एच-१ (चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची सरकारी यादी) मधली औषधं असतील तर २०१४ पासून वेगळं रजिस्टर आहे, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली, सगळं लिहून तीन वर्षं जपायचं. मी लिहितो. स्ट्रिपवर उभी लाल रेघ असते ती बघा, तिचा अर्थ चिठ्ठीशिवाय नाही. एका आजोबांना रेघ दाखवली तर म्हणाले, लाल आहे म्हणजे जास्त पॉवरफुल ना, मग हीच दे.

कर्जतचा_पोल्ट्रीवाला
मी थोडं दुसऱ्या बाजूने बोलतो. आमची ६००० पक्ष्यांची शेड आहे, कंत्राटावर. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषधही कंपनीचं. आमची जागा, वीज, पाणी, तूस आणि झोप. साधारण ४० दिवसांत पक्षी उचलला जातो आणि आम्हाला किलोमागे पैसे मिळतात. पिल्लात मर लागली तर पहिल्या आठवड्यातच गणित बिघडतं, तेव्हा सुपरवायझर म्हणतो पाण्यात हे सोडा, आम्ही सोडतो. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचायला मी शिकलो ते आत्ता दोनेक वर्षांत. कोलिस्टिन बंद झालंय खाद्याच्या जनावरांना, २०१९ पासून, ते मला एका व्हेटने सांगितलं. माणसाला शेवटचं म्हणून जे देतात ते आम्ही कोंबड्यांना पाण्यातून पाजत होतो हे ऐकून खरंच कसंतरी झालं.

पण शहरातल्या लोकांनी सगळं आमच्यावर ढकलू नये. तुम्हाला चिकन स्वस्तच हवं असतं. गटारीच्या आदल्या दिवशी भाव दहा रुपये वाढला की बातमी होते.

गिरगावकर_अण्णा
पोल्ट्रीवाले, मनापासून लिहिलंत. पण कोंबडीला औषध द्यायचं सुचलं तरी कुणाला? आजारी नसताना?

पुस्तकी_किडा
अण्णा, ते योगायोगाने झालं. १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लेडर्ली कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि स्टोकस्टॅड हे दोघे पिल्लांच्या खाद्यात ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवताना उरलेला चोथा घालून बघत होते, व्हिटॅमिन बी-१२ साठी. पिल्लं अपेक्षेपेक्षा भराभर वाढली. कारण निघालं त्यात उरलेलं अँटिबायोटिक. झालं, खाद्यात चिमूटभर औषध हा धंद्याचा नियमच झाला. ब्रिटनने १९६९ मध्ये स्वान समितीच्या अहवालातून धोका सांगितला, युरोपात वाढीसाठी अँटिबायोटिक पूर्ण बंद व्हायला २००६ उजाडलं. लेव्हीच्या त्या प्रयोगाला खाद्य-औषधवाल्या लॉबीकडून बराच विरोध झाला होता.

अवांतर: या स्टुअर्ट लेव्हीचा जुळा भाऊ जे लेव्ही, तो एड्सच्या विषाणूवर काम करणारा मोठा शास्त्रज्ञ. एकाच घरात एक बॅक्टेरियावाला, एक व्हायरसवाला. आईने जेवणाआधी हात किती वेळा धुवायला लावले असतील!

वडापाव_वीर
आमच्या आईनेही जुळी काढली. एक मी आणि एक माझा भाऊ, दोघेही एमपीएससी.

लॅबमावशी
जेवणाची सुट्टी झाली, आले.

लेव्ही शिकत असताना जपानला जाऊन आला होता, केओ विद्यापीठात त्सुतोमु वातानाबे यांच्याकडे. ते सगळं मूळ तिथे आहे. युद्धानंतर जपानात रक्ताची हगवण फार, शिगेला जंतूची. १९५० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांना असे शिगेला मिळाले की जे एकदम चार औषधांना पुरून उरतात, सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल. आता एका जंतूत एकाच वेळी चार बदल आपोआप होणं म्हणजे चार लॉटऱ्या एकदम लागण्यासारखं. मग लक्षात आलं की हे जंतू ती युक्ती एकमेकांना देतायत, अगदी आतड्यातल्या ई. कोलाय जंतूकडून शिगेलाला, म्हणजे जात वेगळी असली तरी.

मी मुलीला असं समजावलं होतं. रुपारेल कॉलेजच्या बाहेर नोट्सची झेरॉक्स मिळायची आठवतंय? एका मुलाकडे चारही विषयांच्या नोट्स एकाच स्पायरलमध्ये बांधलेल्या. तुला हवंय फक्त फिजिक्स, पण झेरॉक्सवाला अख्खं स्पायरल काढून देतो. उद्या पेपर केमिस्ट्रीचा आला तरी तू पास. जंतूंचं ते स्पायरल म्हणजे प्लास्मिड, डीएनएचं एक छोटं सुटं कडं. म्हणून लेव्हीच्या कोंबड्यांना दिलं एकटं टेट्रासायक्लिन, आणि पुढे पुढे जंतू मिळाले अँपिसिलिन, सल्फा, स्ट्रेप्टोमायसिनलाही न जुमानणारे. ती औषधं तर खाद्यात घातलीच नव्हती.

आता कोंबडीचा आणि टायफॉइडचा संबंध इथे येतो. टायफी कोंबडीत राहत नाही, पण स्पायरल कुणाचंही चालतं. पाकिस्तानात सिंधमध्ये २०१६ पासून जो टायफॉइड पसरला तो सेफ्ट्रायझोनलाही दाद देत नाही. त्याने ते प्लास्मिड ई. कोलायसारख्या जंतूकडून उचललेलं दिसतं. म्हणजे मेधाताई, जी इंजेक्शनं तुमच्या भाच्याला लागू पडली ती तिथे पडत नाहीत.

मुलुंडची_मेधा
बापरे. मी हे सगळं 'शोरमा वाईट' एवढ्यावर संपेल म्हणून धागा काढला होता.

ऋजुता_ठाणे
मावशी, पण मग हे उलटं होतच नाही का? एकदा आर म्हणजे कायमचा आर?

लॅबमावशी
नाही नाही, हेच तर गमतीचं आहे. १९४८ पासून टायफॉइडवर क्लोरॅम्फेनिकॉल द्यायचे. १९७२ ला केरळात कालिकतला रेझिस्टंट साथ आली, पुढे ते इतकं फुकट गेलं की डॉक्टरांनी सोडूनच दिलं. आणि आता आमच्याकडे येणाऱ्या टायफीत क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, कोट्रायमॉक्साझोल पुष्कळ वेळा परत एस येतं. वापर थांबला, स्पायरल वागवायचं ओझं नको झालं, टाकून दिलं. मेधाताईंच्या रिपोर्टमध्येही बघा, पैजेवर सांगते.

लेव्हीनेही ते केलं होतं. शेतावरचं औषधवालं खाद्य बंद करून सहा महिन्यांनी तपासलं तर दहापैकी आठ माणसांत ते जंतू सापडले नाहीत.

मुलुंडची_मेधा
रिपोर्ट काढून बघितला. तिन्ही एस!! मावशी तुम्ही चहा पिणार की कॉफी?

निवृत्त_डॉक्टर
उशिरा आलो. दुसऱ्या प्रश्नावर कुणी फारसं बोललेलं नाही म्हणून.

साधे जुलाब-उलट्या, ताप नाही, रक्त नाही, तर बहुतेकांना अँटिबायोटिक लागतच नाही. लग्नात जेवून दोन-चार तासांत पंगतीतले वीसजण ओकायला लागले तर ते बऱ्याचदा स्टॅफिलोकोकसचं विष असतं, अन्नात आधीच तयार झालेलं. गरम करून ते जात नाही आणि अँटिबायोटिकने तर अजिबात नाही. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भाताचं तेच, तिथे बॅसिलस सीरियस. जंतू मारून काय उपयोग, चोर पळाला, माल तर तुमच्या पोटात.

लागतं ते पाणी आणि मीठ-साखर. १९७१ मध्ये बांगलादेशातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्याने मरत होते, सलाइन संपत आलं होतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रममध्ये मीठ-साखरेचं मिश्रण कालवून नातेवाइकांच्याच हातात पेले दिले. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ३-४ टक्क्यांवर आलं. अण्णांच्या आईची पेज त्याच जातीची, फक्त मीठ घातलेलं असलं पाहिजे.

शौचात रक्त, जास्त ताप, लघवी कमी, लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर मात्र डॉक्टर, त्याच दिवशी.

पुस्तकी_किडा
डॉक्टरसाहेब, कोर्स पूर्ण करायचाच असतो ना? २०१७ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लेख आला होता की 'कोर्स पूर्ण करा' याला फारसा आधार नाही, उलट जास्त दिवस घेतल्याने इतर जंतूंवर दबाव येतो.

निवृत्त_डॉक्टर
लेख वाचलाय. मुद्दा बरोबर आहे, बऱ्याच आजारांत कमी दिवस पुरतात असं दिसतंय. पण तो डॉक्टरने ठरवायचा विषय. टायफॉइडमध्ये ताप उतरला म्हणून मधेच सोडलं तर पंधरा दिवसांनी परत उलटतो, मी पुष्कळ पाहिलेत. आणि पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंगने १९४५ मध्ये नोबेलच्या भाषणातच सांगून ठेवलंय की कमी डोस घेऊन जंतूंना तालीम देऊ नका. निळ्या डब्यातली दीड गोळी ही तालीमच.

मेधाचा_नवरा
डबा आईचा आहे. या विषयावर मी काहीही बोलणार नाही.

ऋजुता_ठाणे
एक कामाचं. टायफॉइडची नवी कॉन्ज्युगेट लस आहे, सहा महिन्यांच्या बाळापासून चालते. नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्येच मुलांसाठी मोहीम काढली होती, सरकारी पातळीवर जगात पहिल्यांदा. माझी बहीण वाशीला, तिच्या दोन्ही मुलांना तेव्हा मिळाली, फुकट. आम्ही खाडीच्या या बाजूला, पैसे देऊन घेतली.

गिरगावकर_अण्णा
लसीवरून आठवलं, परळचं हाफकिन. प्लेगच्या वेळी वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकलच्या एका खोलीत बसून लस बनवायचा आणि १० जानेवारी १८९७ ला पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. आमचे आजोबा सांगायचे, लोक टोचून घ्यायला घाबरायचे

बोकोबा
अण्णा, वाक्य अर्धं राहिलं, तुमचाही कोर्स पूर्ण करा.

लालबागचा_मेडिकलवाला
बर्फाचं कुणी बोललं नाही. खाण्याचा नसलेला बर्फ निळा करायचा असा नियम आहे २०१८ पासून. पांढरा दिसला म्हणजे खाण्याचाच असेल असं धरून चालू नका, पण निळी लादी फोडून कुणी उसाच्या रसात टाकताना दिसला तर ग्लास ठेवून चालू पडा.

कर्जतचा_पोल्ट्रीवाला
आणि ताई, चिकन नळाखाली धुऊ नका. आमच्या घरीही कुणी ऐकत नाही. शिंतोडे सगळ्या ओट्यावर उडतात, शेजारी कोशिंबिरीची काकडी. जंतू शिजताना मरतात, काकडी कोण शिजवतंय?

वडापाव_वीर
चिकन न धुता?? हे मात्र अति झालं. हळद-मीठ लावून तीन पाणी काढल्याशिवाय आई हात लावू देणार नाही. रेझिस्टन्स आमच्या घरात आहे.

ऋजुता_ठाणे
भांड्यात पाणी घेऊन हळूच धू, नळ सोडू नको आणि ते पाणी ओतल्यावर बेसिन घास. मी आईशी एवढ्यावर तह केलाय.

मुलुंडची_मेधा
सगळ्यांचे खूप आभार. चिकन चालू राहणार, ओट्यावर एक वेगळा पाट-सुरी आलीये. भाच्याला दोन आठवडे मागचं विचारलं, तर कॉलेजच्या फेस्टला रोज बर्फाचा गोळा खाल्ला म्हणे, कालाखट्टा. म्हणजे शोरम्याची माफी मागायला हवी.

आणि काल सासूबाई देवळात गेल्यावर डबा उघडला. सव्वीस प्रकारच्या सुट्या गोळ्या, त्यात सात स्ट्रिपना लाल रेघ, दोन २०१६ च्या, एक कुणाची तेच कळेना, सासरे जाऊन नऊ वर्षं झाली. तळाशी एक सुई आणि काळा दोरा निघाला. @मेडिकलवाले, या गोळ्यांचं करायचं काय? संडासात टाकायच्या का?

लालबागचा_मेडिकलवाला
संडासात अजिबात नको, तेच औषध गटारातून परत जंतूंच्या शाळेत जाईल. पिशवीत घालून दुकानात विचारा, काहीजण परत घेतात. नाहीच घेतल्या तर पाकिटातून काढून चहाच्या चोथ्यात कालवा, पिशवी घट्ट बांधा आणि घरगुती घातक कचरा म्हणून वेगळी द्या.

मेधाचा_नवरा
आई आत्ता विचारतेय माझा डबा कुठाय. कुणाला काही सुचतंय का, लवकर.